अनुभव धागा: कॉलेजचं मॅगझिन, वाङ्मय मंडळ आणि लिहिणारी पोरं

माझ्या भाचीकडे यंदा तिच्या कॉलेजच्या वार्षिकांकाचं विद्यार्थी संपादकपद आलंय. दिवाळीत भेटली तेव्हा म्हणाली, "मामा, नोटीस लावली तर कविता ढिगाने आल्या, पण निम्म्या व्हॉट्सॲपवरच्या. खरंच लिहिणारी मुलं गाठायची कुठे?" हे काम मीही १९९०च्या दशकात केलंय, तरी मला पटकन काही सुचेना. अंक काढता येतो. त्याला पैसे, डीटीपीवाला (संगणकावर पानं जुळवणारा) आणि एक चिवट प्राध्यापक लागतो. पण लिहिणाऱ्यांचा गोतावळा अंकामुळे जमतो की अंकाला न जुमानता जमतो?

नियतकालिक, हस्तलिखित, भित्तिपत्रक, वाङ्मय मंडळ, कट्टा, यातलं काहीही चालवलेल्यांनी लिहा. कॉलेजचं नाव नको, गाव पुरे. तपशील द्या, उपदेश नको.

सांगली जिल्हा, निवृत्त शिक्षक

आमच्या वेळी, १९७०च्या दशकात, अंक खिळ्यांवर, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांवर, छापला जायचा. गावात एकच छापखाना. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं हा त्याचा खरा धंदा, त्यामुळे लग्नसराई लागली की आमचा अंक मागे पडायचा. खिळे मोजकेच असत. एक फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा गठ्ठा, जुळवायचा, छापायचा, खिळे सोडवून परत आपापल्या घरात टाकायचे, मग पुढचा फर्मा. अख्खा अंक प्रूफात एकत्र असा कधी बघायलाच मिळाला नाही. प्रूफ हातात आलं की त्याच संध्याकाळी वाचून द्यायचं, कारण खिळे अडकून पडलेले असायचे.

खिळे जुळवणारे कंपोझिटर सातवीपर्यंत शिकलेले, पण त्यांचं ऱ्हस्वदीर्घ आमच्यापेक्षा पक्कं. एकदा माझ्या कवितेचं प्रूफ हातात देत त्यांनी विचारलं, "ह्या ओळीत काय म्हणायचंय तुला? जुळवताना मी थांबलो." वर्गात कुणी मला असं विचारलं नव्हतं. पुढे आम्ही चार टाळकी संध्याकाळी मुद्दाम छापखान्यात जाऊन बसायला लागलो. शाईचा वास, ट्रेडल छपाईयंत्राची खटखट आणि एकमेकांच्या ओळींवर भांडणं. वाङ्मय मंडळ कॉलेजात कागदोपत्री होतं, आमचं मंडळ तिथे भरायचं.

भाचीला सांगा, डीटीपी चालतं तिथे मुलांना बसू दे.

नाशिक जिल्हा, मराठीची प्राध्यापक

बरीच वर्षं नियतकालिकाचं संपादन माझ्याकडे आहे, म्हणून आतला हिशेब सांगते. फीच्या पावतीत नियतकालिकासाठी एक छोटी रक्कम असते, त्यावर अंक निघतो. अंकाची बरीच पानं मजकूर येण्याआधीच भरलेली असतात: संस्थाचालकांचे फोटो, प्राचार्यांचं मनोगत, विभागांचे अहवाल, एनएसएस, एनसीसी, जिमखाना, गुणवंतांचे पासपोर्ट फोटो. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती आली की हाच अंक टेबलावर ठेवायचा असतो, त्यामुळे अहवालांना कात्री लावता येत नाही. उरलेल्यात मराठी, हिंदी, इंग्रजी, कधी संस्कृत. शिवाय सगळं फर्म्यात बसलं पाहिजे. डेमी आकाराचा एक फर्मा म्हणजे सोळा पानं. "मॅडम, एकच कविता वाढवा ना" म्हणणाऱ्या मुलाला हे सांगितलं की तो नाराज होतो. पण दोन पानं वाढली की प्रेसवाला पुढच्या फर्म्याची भाषा करतो.

आता नकलेबद्दल. पूर्वी मुलं जुन्या दिवाळी अंकांतून उतरवायची, मग व्हॉट्सॲप आलं, आता एआय. एआयचा लेख पकडायला मला कुठलंही यंत्र लागत नाही. गेल्या वर्षी एका मुलीने पावसावर ललित लेख दिला. मातीचा सुगंध, खिडकी, चहाचा वाफाळता कप, सगळं होतं. मुलगी येवल्याकडची. घरी कांदा. तिच्या लेखातल्या पावसात कांद्याची चाळ कुठेच भिजत नव्हती. रागावले नाही. स्टाफरूममध्ये बसवून विचारलं, गेल्या अवकाळीत घरी काय झालं? ती बोलत सुटली. ताडपत्री, रात्री बॅटरीच्या उजेडात उचललेला माल, आईने कुणावर तरी काढलेला राग, सकाळी सडलेल्या कांद्याचा वास. म्हटलं, हे असंच्या असं लिही, एक विशेषण घालू नकोस. तिने लिहिलं आणि आम्ही छापलं. यंदा तीच दुसऱ्यांना "तुझ्या घरी काय झालं ते सांग" असं विचारत फिरतेय.

माझं मत विचाराल तर 'साहित्य पाठवा' ही नोटीसच काढून टाकावी. साहित्य म्हटलं की मुलं ठेवणीतले कपडे घालतात.

पुणे, इंजिनिअरिंग, २०१८ची बॅच

आमच्या मॅगझिनमध्ये मराठीला मोजकी पानं, तीसुद्धा इंग्रजी आणि टेक्निकल लेखांच्या मागे. मुलं मोबाईलवर युनिकोडात टाइप करून पाठवायची आणि डीटीपीवाल्या काकांकडे पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर आणि श्रीलिपीचे युनिकोड नसलेले फॉन्ट. कन्व्हर्टरमधून मजकूर बाहेर आला की रफार भलत्याच अक्षरावर, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या', जोडाक्षरं फुटलेली. मग एकाने मूळ मजकूर वाचायचा, दुसऱ्याने छापील बघायचा. या कंटाळवाण्या कामासाठी हॉस्टेलच्या गच्चीवर जमलेली मुलं हाच आमचा कट्टा झाला, कारण मोठ्याने वाचल्यावर कळलं की अर्ध्या कविता मोठ्याने वाचवतच नाहीत.

पुढे दर बुधवारी बसायला लागलो. नियम दोनच. आपलं लिखाण आपण वाचायचं नाही, दुसऱ्याने वाचायचं. तो जिथे अडखळतो तिथे लिहिणाऱ्याला आपोआप कळतं. आणि 'छान' म्हणायचं नाही. लक्ष कुठे उडालं ते सांगायचं. पहिल्या महिन्यात काही जण दुखावून गेले, त्यातला एक सेमिस्टर संपल्यावर परत आला आणि आमच्यात सगळ्यात चांगलं तोच लिहितो.

तिसऱ्या वर्षी कल्चरल कमिटीने सुचवलं, यालाच ओपन माइक करू, गर्दी होईल. झालीही. पण माइक आला तशी कवितांची शेवटची ओळ टाळी मागायला लागली. बाप, गाव, ब्रेकअप, संपलं. मला ओपन माइकचा राग नाही, मुलांची भीड त्याने चेपते. पण कच्चं लिखाण तिथे कुणी आणत नाही, आणि आम्हाला कच्चंच हवं होतं. आम्ही गुपचूप गच्चीवर परतलो.

धुळे, बी.ए. झालेली, आता नोकरी

मी अंकाला अहिराणी, म्हणजे आमच्या खानदेशी बोलीतली, कथा दिली होती. सगळी आजीच्या तोंडची. विभागसंपादक सर म्हणाले, संवाद राहू दे, निवेदन प्रमाण मराठीत कर. केलं. छापून आल्यावर घरी वाचून दाखवली, तर आजी मध्येच म्हणाली, "कोन बोली ऱ्हायनं हाई?" (हे कोण बोलतंय?) निवेदनाच्या जागी तिला कुणी परकंच बोलतंय असं वाटत होतं, आणि ते खरंच होतं.

पुढच्या वर्षी मैत्रिणींना घेऊन जिन्याखालच्या काचेच्या फळीत अहिराणी भित्तिपत्रक लावलं. ड्रॉइंग शीट, स्केचपेन, बाकी काही नाही. वार्षिकांक घरी नेऊन रद्दीत टाकणारी मुलं तिथे उभी राहून वाचायची. ऑफिसातले शिपाईमामा रोज वाचायचे आणि आमच्या चुका काढायचे, "आमना गावले आशे म्हनतस नही." (आमच्या गावात असं म्हणत नाहीत.) कँटीनवाल्या मावशींनी लग्नातली गाणी सांगितली, ती आम्ही उतरवून घेतली. विद्यार्थी नसलेली माणसं आमच्या लेखकमंडळात आली ती अशी.

एक गंमत सांगते. आमच्या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. त्यांची गाणी बोलीतली, त्यांचे फलक सगळीकडे, आणि अंकात बोलीसाठी मात्र आम्ही परवानगी मागतोय.

नाशिक जिल्ह्यातली प्राध्यापक, पुन्हा

धुळ्याच्या ताई, तुमचं पटतंय, पण सरांची बाजू मांडते. विद्यापीठाच्या नियतकालिक स्पर्धेला अंक पाठवायचा असतो, आणि परीक्षक शुद्धलेखनाचे गुण कापतील ही धास्ती असते. सरांना अहिराणी नकोशी नसेल, बक्षीस हवंसं असेल. तरी शिपाईमामांना संपादक मंडळात घ्यायची तुमची कल्पना मी उचलतेय.

मुंबई, एकेकाळी कवी, आता बँकेत

थोडं कडू बोलतो. कॉलेजच्या अंकातून मराठीत काय आलं? ज्यांनी भाषेला धक्का दिला त्यांनी आपापले कागद स्वतः काढले. १९५०च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि मित्रांनी 'शब्द' हे अनियतकालिक चालवलं. पुढे अशोक शहाण्यांचं 'असो' आलं, भालचंद्र नेमाड्यांचं 'वाचा' आलं. अनियतकालिकं म्हणजे मन झालं की काढायची, पैसे संपले की बंद. प्राचार्यांचं मनोगत नाही की फी नाही. भाचीला म्हणावं, पद सोड आणि मित्रांबरोबर आठ पानांची झेरॉक्स काढ.

छत्रपती संभाजीनगर, संशोधक विद्यार्थी

मुंबईच्या काकांचं अर्धं मान्य. पण कॉलेजचा काही वाटा नाही हे आमच्या शहरापुरतं तरी खोटं आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली इथे मिलिंद महाविद्यालय काढलं. घराण्यात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेली मुलं तिथे आली. गंगाधर पानतावणे तिथेच शिकवायचे, आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक सुरू केलं. दलित साहित्याची एक अख्खी पिढी त्यात लिहिती झाली. हे कॉलेजचं वार्षिक नव्हतं, पण त्या आवाराशिवाय ते उभंही राहिलं नसतं. आणि पानतावणे सर अंक काढून थांबले नाहीत, 'अस्मितादर्श'चे लेखक-वाचक मेळावे भरवत राहिले. मला त्यातलं 'वाचक' महत्त्वाचं वाटतं. लिहिणाऱ्याला समोर बसलेला, आपल्यासारखाच जगलेला वाचक मिळाला. भाचीच्या प्रश्नात मला तोच दिसत नाहीये. ती लिहिणारी मुलं शोधतेय. आधी वाचणारी शोधली तर?

झेरॉक्सला मात्र माझा पाठिंबा. पद आणि झेरॉक्स दोन्ही चालतं.

लातूर, फार्मसी

छोटंसंच. हॉस्टेलच्या मेसमधल्या डाळीवर मी एक विनोदी कविता दिली होती. ती अंकातून काढली, कारण "पालक वाचतात". मित्रांनी ती मेसच्याच दारावर चिकटवली. डाळ सुधारली नाही, पण चौघांनी खाली आपापली कडवी जोडली. माझी मूळ कविता त्यांच्यापुढे फिकी होती.

गोवा, म्हापसा

आमच्या अंकात मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी असे विभाग, आणि कोंकणी कधी देवनागरीत, कधी रोमीत, म्हणजे रोमन लिपीत. विभाग वेगळे की मुलंही वेगळी बसायची. आम्ही एका वर्षी विषयवार अंक लावला: बाजार, पाऊस, परदेशी गेलेलं माणूस. एका विषयाखाली चारही भाषा शेजारी. बोटीवर काम करणाऱ्या बापावर एकाने मराठीत लिहिलं होतं, दुसरीने कोंकणीत. दोघं एकाच वर्गात, पण ओळख अंकात झाली.

कोल्हापूर, दोन वर्षं विद्यार्थी संपादक

सगळ्यांनी सुरू कसं करायचं ते सांगितलं, मी बंद कसं पडतं ते सांगतो. तिसऱ्या वर्षाची पोरं पास होऊन गेली की कट्टा बसतो. ईमेलचा पासवर्ड एकाला माहीत, तो पुण्याला. प्रेसवाल्याची उधारी कुणाला माहीत नाही. कुणाला कविता परत केली, का केली, याची नोंद नाही, म्हणून तीच कविता पुढच्या वर्षी पुन्हा येते आणि छापली जाते.

आम्ही एक साधी जाड वही ठेवली. प्रत्येक बैठकीला कोण आलं, कुणाचं काय वाचलं, कुणी काय सांगितलं. संपादक तिसऱ्या वर्षाचा असला तरी वही पहिल्या वर्षाच्या मुलाकडेच द्यायची हा नियम. वहीवाला पोरगा आपसूक प्रत्येक बैठकीला हजर राहतो, कारण वही त्याच्याकडे असते. सध्या ती एका बी.कॉम.च्या मुलीकडे आहे. मी परवा कॉलेजात गेलो तेव्हा तिने मला आत येऊ दिलं, पण नाव आणि वेळ लिहून सही करायला लावली.