जिंतूर तहसीलसमोर झेरॉक्स टाकायचंय: जुनं ६० पीपीएम की नवं २५?

पूर्णाकाठ:
रोज दीड हजार कॉप्या धरल्यात, महिन्याला साधारण ३९,०००. डीलर दोन पर्याय सांगायलेत: परदेशातून आलेलं रिकंडिशन (वापरलेलं, दुरुस्त केलेलं) ६० पीपीएम, म्हणजे मिनिटाला ६० पानं, नाहीतर थोडे पैसे वाढवून नवं कोरं २५ पीपीएम. लाइट दिवसातून दोन-तीनदा जाते. निम्मं गिऱ्हाईक मोबाइलवर पीडीएफ घेऊन येतं. काय घ्यावं?

फ्युजरमास्तर:
६० चा वेग एकाच कागदाच्या गठ्ठ्याला लागतो. तहसीलसमोर गिऱ्हाईक आधारच्या दोन अन् सातबाराच्या तीन कॉप्या मागतं. तिथं वेळ जातो झाकण उघडण्यात अन् मोबाइलमधली फाइल शोधण्यात. म्हणून स्लीपमधून उठल्यावर पहिली कॉपी किती सेकंदांत पडते ते बघा. आयडी कार्ड कॉपीचं बटण (कार्डाच्या दोन्ही बाजू एकाच पानावर घेणारं) समोरच हवं. जुन्या यंत्रात प्रिंट बोर्ड (मोबाइल-कॉम्प्युटरवरून छापायला लागणारं कार्ड) बसवलेला आहे का, हे पैसे द्यायच्या आधी स्वतः मोबाइलवरून प्रिंट मारून बघा. नुसत्या कॉपीवर भुलू नका. नव्याच्या बाबतीत कमाल ड्युटी सायकल (महिन्याला जास्तीत जास्त किती पानं) विचारू नका, तो आकडा दाखवायचा असतो. शिफारस केलेलं मासिक काम विचारा.

सत्तर_जीएसएम:
रिकंडिशन स्वस्त का, तर बाहेरच्या ऑफिसांत यंत्रं तीन-पाच वर्षांच्या लीजवर असतात. लीज संपली की कंटेनर भरून निघतात. पण जुनी मल्टिफंक्शन यंत्रं परवान्याशिवाय आयात करता येत नाहीत, त्यामुळे पक्कं बिल घ्याच. यंत्राच्या काउंटरवर (आजवर किती कॉप्या निघाल्या त्या आकड्यावर) विश्वास नको, तो शून्य करता येतो. फ्युजर (शाईची पूड, म्हणजे टोनर, कागदावर वितळवून चिकटवणारा गरम भाग) उघडून प्रेशर रोलर (कागद दाबणारा रबरी रूळ) बघा: कडेला रबर खचलेलं, कागद सोडवणाऱ्या नखांच्या जागी रेघा पडलेल्या असतील तर कमी काउंटर खोटा.

भाव पैशात काढा. ड्रम (ज्यावर प्रतिमा उमटते ते नळकांडं) अन् तो पुसणारं ब्लेड मिळून ६,००० ला अन् ६०,००० कॉप्या चालणार असतील तर कॉपीमागं १० पैसे. असंच टोनर, डेव्हलपर (टोनर ड्रमपर्यंत नेणारी पूड), फ्युजरचं मांडा. कंपनी टोनरचा आकडा पानाच्या ५-६ टक्के काळ्या भागावर सांगते. आधारवरचा फोटो अन् गडद पार्श्वभूमी त्याच्या कितीतरी पट टोनर खाते. क्योसेराच्या अनेक मॉडेलांत ड्रम कडक सिलिकॉनचा, लाखोंनी चालतो, एरवी बदलायचा तो फक्त टोनर. पण परभणीत त्याचा मेकॅनिक नसेल तर तो ड्रम काय कामाचा?

नावालाही भुलू नका. सॅमसंगचा प्रिंटर धंदा २०१७ मध्ये एचपीनं घेतला, तेव्हा सॅमसंग नावाचं जुनं यंत्र आता टाळलेलं बरं. रिको अन् तोशिबानं २०२४ मध्ये यंत्रं बनवायला एटरिया ही एकत्र कंपनी काढली. कागदावरची झेरॉक्स कमी व्हायलीय, म्हणून सगळेच खर्च वाटून घ्यायलेत.

पूर्णाकाठ:
मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट कॉपीमागं द्यायचं म्हणतात. घ्यावं का?

सत्तर_जीएसएम:
ही पद्धत झेरॉक्स कंपनीच्या १९५९ च्या ९१४ या यंत्रापासूनची: महिन्याला ९५ डॉलर भाडं, २,००० कॉप्या त्यातच, पुढं कॉपीमागं ४ सेंट. घ्या, पण ड्रम अन् फ्युजर त्यात आहेत असं लिहून घ्या. जॅम झालेलं पान अन् मेकॅनिकच्या टेस्ट कॉप्या मोजणार का, हेही आधीच ठरवा.

लातूर_छापा:
क्लासवाल्यांच्या टेस्ट पेपरचं काम मिळालं तर ते कॉपिअरवर घेऊ नका. एका पानाच्या ५०० प्रती असतील तर रिसोसारखा डुप्लिकेटर स्वस्त. एकच मास्टर (स्टेन्सिल), पुढं फक्त शाई. शाई लवकर वाळत नाही, मागची बाजू लगेच छापली की डाग उमटतात.

फ्युजरमास्तर:
लाइटचं राहिलं. घरचा इन्व्हर्टर फ्युजरचा लोड ओढत नाही. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, स्वतंत्र एमसीबी अन् अर्थिंग करा. लाइट गेली की मेन स्विच बंद; आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून चालू करा. पावसाळ्यात उघडी रीम ट्रेमध्ये रात्रभर ठेवली की सकाळी कागद कडेनं वळतो, पाठपोट काढताना अडकतो, टोनर बोटानं पुसला जातो.

पूर्णाकाठ:
उभी काळी रेघ आली तर ड्रम गेला समजायचं का?

फ्युजरमास्तर:
आधी मोबाइलवरून एक प्रिंट मारा. प्रिंट स्वच्छ असेल तर ड्रमला हात लावू नका. फीडरमधून (वरून कागद आपोआप ओढणाऱ्या भागातून) रेघ येते अन् मोठ्या काचेवरून येत नाही, तर फीडरखालच्या बोटभर रुंद काचपट्टीवर व्हाइटनरचा किंवा डिंकाचा ठिपका असतो. स्पिरिटच्या फडक्यानं पुसा, ब्लेडनं खरवडू नका. रेघेऐवजी ठिपका पुन्हा पुन्हा उमटत असेल तर पट्टी लावून अंतर मोजा: ३० मिमी व्यासाच्या ड्रमचा ठिपका दर ९४ मिमीवर येतो. तेवढंच भरलं तरच ड्रम मागवा.