पुतिनवर युद्ध सुरू केल्याचा खटला: न्याय की ‘बळी तो कान पिळी’?

अर्धवट वकील (धागाकर्ता):
२५ जून २०२५ ला स्ट्रासबर्गमध्ये झेलेन्स्की आणि युरोप परिषदेचे सरचिटणीस बेर्से यांनी एका करारावर सह्या केल्या. युक्रेनवरच्या आक्रमणासाठी विशेष न्यायाधिकरण. तिथे गुन्हा एकच चालणार. कीव्हजवळच्या बुचात माणसं मारली, इस्पितळावर बॉम्ब पडला, याला इतर कोर्टं आहेत. इथे प्रश्न एवढाच, की २४ फेब्रुवारी २०२२ ला सैन्य सीमेपार घालायचं कुणी ठरवलं?

हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये पुतिनवर वॉरंट काढलं, पण ते युक्रेनी मुलं रशियात नेल्याबद्दल. युद्ध सुरू केल्याबद्दल काढताच येत नव्हतं. २०१० साली युगांडातल्या कंपालामध्ये या न्यायालयाच्या सदस्य देशांनी आक्रमणाच्या गुन्ह्याचे नियम ठरवले, तेव्हाच पळवाट ठेवली होती: जो देश सदस्य नाही, त्याच्या नागरिकाला हा गुन्हा लावायचा नाही. रशिया सदस्य नाही. दुसरा रस्ता सुरक्षा परिषदेतून जातो आणि तिथे रशियाचाच नकाराधिकार. म्हणजे कैद्याला गोळी घालणारा शिपाई आत जाऊ शकतो, त्याला तिथे धाडणारा सहीसलामत.

माझं मत: न्यायाधिकरण हवंच, पुतिन कधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहोत न राहोत. आता झोडपा.

तिरकस:
झोडपतोच. इराक, २००३. ब्रिटनच्याच चौकशी समितीच्या चिल्कॉट अहवालानं २०१६ मध्ये लिहून ठेवलं की शांततेचे मार्ग संपण्याआधीच ब्रिटन युद्धात उतरलं. पुढे काय झालं? २००६ मध्येच हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) सांगून टाकलं होतं की आक्रमण हा इंग्लंडच्या देशी कायद्यात गुन्हाच नाही, कारण संसदेनं तसा कायदा केलेला नाही. त्याच आधारावर २०१७ मध्ये युद्धावेळचे पंतप्रधान ब्लेअर यांच्यावर खटला भरू द्यायला उच्च न्यायालयानं नकार दिला. ब्लेअर आता ‘सर’ आहेत. आणि हाच ब्रिटन युक्रेनच्या न्यायाधिकरणासाठी पुढे! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणणार नाही, कारण पुतिन संन्याशी नाहीत. पण बाकीचे चोर कुठे आहेत?

रमा:
तिरकस यांना +१. राधाबिनोद पालांचं नाव अजून कुणी कसं काढलं नाही? दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात अकरा न्यायाधीश होते आणि सगळेच्या सगळे आरोपी निर्दोष म्हणणारे भारताचे पाल एकटे. त्यांचं म्हणणं सरळ होतं: युद्ध सुरू झालं त्या दिवशी ते सुरू करणं हा व्यक्तीचा गुन्हा आहे असा कायदाच नव्हता. जिंकल्यावर कायदा करायचा आणि मागच्या तारखेनं लावायचा, याला न्याय कसं म्हणायचं? सम्राट हिरोहितोंना तर अमेरिकेनं आरोपीही केलं नाही. राज्य चालवायला हवे होते ना.

अर्धवट वकील:
रमाताई, पालांचं निकालपत्र लोक अर्धंच सांगतात. जपानी सैन्यानं अत्याचार केले, याचा पुरावा भरभक्कम आहे हे त्यांनी मान्य केलं होतं. त्यांचा मुख्य आक्षेप कायदा आधी नसण्यावर होता आणि तो १९४६ साली खरोखर वजनदार होता. आज? १९४५ ची संयुक्त राष्ट्रांची सनद आहे, १९७४ ची आमसभेची आक्रमणाची व्याख्या आहे, कंपाला आहे. आणि हे ऐका: रशियाच्या स्वतःच्या दंडसंहितेत कलम ३५३ आहे. आक्रमक युद्धाची आखणी, तयारी, सुरुवात हा गुन्हा. मागच्या तारखेचा कायदा म्हणायला जागा कुठे उरली?

तिरकसराव, ब्लेअर सुटले म्हणून पुढचाही सुटावा, हा युक्तिवाद आहे की रुसवा?

डॉर्टमुंडकर:
इथे जर्मनीत हा विषय वेगळ्या अंगानं निघतो. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात हिटलरचा उपनेता रुडॉल्फ हेसला युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे या दोन्हींतून सोडलं होतं. त्याला जन्मठेप झाली ती कट आणि शांततेविरुद्धचा गुन्हा (आजच्या भाषेत आक्रमणाचा), एवढ्यावरच. १९८७ मध्ये मेला तोवर श्पांडाउच्या तुरुंगात होता. हेसला फाशीच हवी म्हणून निकालाविरुद्ध मत नोंदवणारा न्यायाधीश कुठला? सोव्हिएत! शांततेविरुद्धचा गुन्हा ही कल्पना मांडण्यातही सोव्हिएत कायदेपंडित आरोन ट्रायनिन आघाडीवर होते. आणि याच सोव्हिएतांनी १९३९ मध्ये पोलंडचा लचका तोडला, फिनलंडवर चालून गेले, त्यापायी राष्ट्रसंघातून हाकललेही गेले. मॉस्कोनं घडवलेलं हत्यार मॉस्कोवरच फिरतंय, त्यामुळे ‘हे पाश्चात्त्यांचं थोतांड’ ही ओरड मला पटत नाही.

निवृत्त सुभेदार:
कायदा तुम्ही बघा. मी १९७१ चं सांगतो. ९३,००० कैदी आपल्याकडे होते. त्यांतल्या १९५ जणांवर बांगलादेश खटले चालवणार होता. एप्रिल १९७४ मध्ये दिल्लीत तिन्ही देशांचा करार झाला आणि तेही परत गेले. पाकिस्तानात अडकलेले बंगाली घरी आणायचे होते, उपखंडात शांतता हवी होती. तेव्हाचे पाकिस्तानी राष्ट्राध्यक्ष याह्या खानवर खटला चालवा, अशी शिफारस पाकिस्तानच्याच हमूदुर रहमान आयोगानं केली होती. अहवाल कुलपात गेला. चीड येते, पण सौदा झाला नसता तर कैदी आणि अडकलेले अजून किती दिवस कुजले असते? ज्याला ठाऊक आहे की युद्ध थांबवलं की कोठडी, तो थांबवेल कशाला?

रमा:
सुभेदारसाहेब, नेमकं. उद्या ट्रम्प किंवा कुणीही तह घडवून आणला, तर पहिली अट हे न्यायाधिकरण गुंडाळण्याचीच असेल.

अर्धवट वकील:
मे १९९९ मध्ये युगोस्लाव्हियाचा राष्ट्राध्यक्ष मिलोसेविचवर पदावर असतानाच आरोप ठेवले, तेव्हाही हेच म्हणत होते, की आता तो माघार घेणार नाही. जूनमध्ये कोसोव्होतून सैन्य मागे घेतलं. २००० मध्ये सत्ता गेली, २००१ मध्ये हेगच्या युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणापुढे. निकालाआधी मेला आणि आक्रमणाचा गुन्हा त्या कोर्टाच्या यादीत नव्हता, हे खरं. पण ‘आरोप ठेवला म्हणून युद्ध लांबलं’ हे तिथे तरी घडलं नाही.

आणि सुभेदारसाहेब, या गुन्ह्यात शिपाई येतच नाही. राज्याची सूत्रं ज्याच्या हातात, त्यालाच हा लागतो.

निवृत्त सुभेदार:
हे एक कलम पटलं. एरवी सगळं शिपायाच्याच डोक्यावर फुटतं.

तिरकस:
वकीलसाहेब, सूत्रं हातात असणाऱ्याला लागतो म्हणता, मग करार नीट वाचा की. राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, परराष्ट्रमंत्री हे तिघे पदावर असेपर्यंत त्यांच्यावर खटला चालवायचा नाही. म्हणजे लावरोव्हही सुटले. उरले कोण, सेनापती आणि सल्लागार. बाकी वॉरंटची किंमत सप्टेंबर २०२४ ला मंगोलियानं दाखवली. हेग न्यायालयाचा सदस्य देश असून पुतिनना लाल गालिचा अंथरला. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत तर आपले पंतप्रधान स्वतः विमानतळावर घ्यायला गेले.

मुळशीकर:
दिल्लीला यात ओढू नका. भारत सदस्यच नाही, त्यामुळे अटकेचं बंधनही नाही. १९९८ ला रोममध्ये या न्यायालयाचा करार ठरताना आपण आक्षेप घेतले होते: सुरक्षा परिषदेला खटले पाठवायचे अधिकार का आणि अण्वस्त्रं बंदी असलेल्या शस्त्रांच्या यादीत का नाहीत? दोन्ही प्रश्न आजही उभे आहेत. (तेल स्वस्त मिळालं हा मुद्दा वेगळा, त्यावर वेगळा धागा काढा.)

अर्धवट वकील:
तिघांची सूट मलाही खटकते. २००२ च्या काँगो विरुद्ध बेल्जियम निकालापासून (पदावरच्या परराष्ट्रमंत्र्याला परदेशी कोर्टात खटल्यापासून संरक्षण) सगळे तिला चिकटून बसलेत. पण आरोपपत्र तयार राहतं, खुर्ची गेली की उघडतं. ज्याची खुर्ची कधीच जाणार नाही असा समज आहे, त्याच्या खुर्चीभोवतीच्या माणसांना याची धास्ती जास्त असते.

रमा:
एक प्रश्न. जुलै २०२५ मध्ये, स्ट्रासबर्गच्या सह्यांनंतर दोनच आठवड्यांनी, न्यूयॉर्कमध्ये हेग न्यायालयाच्या सदस्य देशांची बैठक झाली. कंपालाची तीच पळवाट बुजवायचा प्रस्ताव होता. मोडता घालणाऱ्यांत ब्रिटन आणि फ्रान्स होते. युक्रेनपुरतं न्यायाधिकरण चालतं, सगळ्यांना लागू होणारा नियम नको. वकीलसाहेब, याला तुम्ही काय म्हणता?

अर्धवट वकील:
दुटप्पीपणा म्हणतो, दुसरा शब्द नाही. पण त्याची शिक्षा कीव्हच्या फिर्यादीला का? तिनं पळवाट ठेवलेली नाही.

तिरकस:
फिर्यादी तीच राहू द्या. पण कोर्टाच्या पायरीवर उभं राहून पुढच्या ब्लेअरची तजवीज करणारे तिचे वकील म्हणून मला चालणार नाहीत.