नॉमिनी दीर, पण वारस कोण?

प्रश्न (सुलभा): माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान मार्चमध्ये अचानक गेले. त्यांनी लग्नाआधी, २०१६ साली काढलेल्या १५ लाखांच्या पॉलिसीवर नॉमिनी म्हणून थोरल्या भावाचे नाव आहे. ते बदलायचे राहूनच गेले. भाऊजींच्या हस्ताक्षरातील ‘नाते : भाऊ’ हे दोन शब्द दाखवून दीर म्हणतात की पैसे त्यांचेच. मृत्युपत्र नाही. मागे बहीण, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई आहेत. काय करावे?

अ. गो.: लग्नामुळे जुने नॉमिनेशन आपोआप रद्द होत नाही, त्यामुळे धनादेश दिरांच्या नावे निघू शकतो, परंतु पैसे हाती येणे आणि त्यांचा मालक होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात स्पष्ट केलेले आहे. तिथे नॉमिनी पत्नी होती, तरीही आई आणि मुलगा यांना प्रत्येकी एक तृतीयांश वाटा मिळाला. आपल्याकडेही हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगी आणि आई यांचे समान वाटे होतील. या तिघी असताना भाऊ वारसच ठरत नाही.

विमावाला: २०१५ च्या दुरुस्तीने विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये ‘लाभार्थी नॉमिनी’, म्हणजे रकमेचा स्वतःच मालक होणारा नॉमिनी, आला ना?

अ. गो.: आला, पण त्यात आईवडील, पती-पत्नी आणि मुले एवढेच बसतात, भाऊ नाही. शिवाय कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, लग्नाआधी नॉमिनी केलेल्या आईच्या बाबतीतही, वारसांनी दावा केल्यास त्यांचा हक्क टिकतो असे म्हटले. हा मुद्दा मला अजून पुरता मिटलेला वाटत नाही. तुमच्या प्रकरणात मात्र तो उद्भवतच नाही.

विमावाला: मग घाई करा. कंपनीच्या दावा विभागाला आजच लेखी हरकत द्या, पोच घ्या आणि वकिलामार्फत दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागा. नॉमिनीला रक्कम दिली की कंपनी मोकळी होते. पुढे दिरांविरुद्ध वसुलीचा दावा लावता येतो, पण खर्च झालेले पैसे परत मिळवणे किती जड जाते ते मी पाहिले आहे.

सुलभा: हरकतीचे पत्र आज दिले. सासूबाईंनीही त्यावर सही केली, हे आम्हाला अनपेक्षित होते.