प्लग-इन हायब्रिड पिकअप रोजच्या कामाला झेपेल का?

पाइपवाला
प्लंबिंगच्या कामासाठी पिकअप घ्यायची आहे. रोजचं फिरणं ६०-६५ किमी, बहुतेक शहरातलं. गाडीत दोन माणसं, शिवाय हत्यारं आणि फिटिंग मिळून ३५० किलो. आठवड्यातून दोनदा दीड टनाची ट्रॉली, तीही चढाच्या रस्त्याने. रात्री गाडी लागते तिथे १५ अँपिअरचं सॉकेट आहे. डिझेल घ्यावी की प्लग-इन, म्हणजे प्लग लावून चार्ज होणारी बॅटरी आणि पेट्रोल इंजिन दोन्ही असलेली? साइटवर गाडीतूनच वीज मिळाली तर जनरेटर वाचेल, हा मोह आहेच.

किलोवॅट
ब्रोशरमधली रेंज बाजूला ठेवा, युनिटात हिशोब करा. माल भरलेली पिकअप १०० किमीला साधारण २८ युनिट खाते. म्हणजे तुमच्या ६५ किमीला १८. फोर्ड रेंजर प्लग-इनच्या बॅटरीतून वापरता येतात ११.८ युनिट, तेव्हा ४० किमीच्या आसपास विजेवर आणि उरलेलं २५ पेट्रोलवर, अडीच लिटरमध्ये. त्याच कामाला डिझेल पिकअप ११ च्या अ‍ॅव्हरेजने सहा लिटर पिईल. बीवायडी शार्क ६ ची बॅटरी जवळपास ३० युनिटांची आहे. ती खालचा राखीव चार्ज सोडूनही ट्रॉलीविना दिवस बहुतेक विजेवर काढेल.

हे सगळं रोज रात्री प्लग लावला तरच. नाही लावला तर दोन-तीनशे किलो बॅटरी-मोटर वाहून नेणारी पेट्रोल पिकअप, एवढंच उरतं. चार्जिंगचा कंटाळा करणार असाल तर सरळ डिझेल घ्या.

१५ अँपिअरवर साडेतीन किलोवॅटला थोडं कमी मिळतं. रेंजर चार तासांत भरेल. शार्क रिकामी झाली तर नऊ-दहा तास धरा.

घाटमाथा
ट्रॉली जोडली की वरचा हिशोब निम्म्यावर येतो. उंच, चौकोनी ट्रॉली हवेला इतकी अडते की ४० किमीचे वीस होतात. आणि खरा प्रश्न पुढेच आहे. शार्कमध्ये इंजिन बराच वेळ जनरेटरसारखं चालतं, गाडी मुख्यतः मोटरी ओढतात. बॅटरी तळाला गेली आणि लांब चढ लागला की १.५ लिटरचं इंजिन देईल तेवढीच ताकद हातात राहते. म्हणून चढ यायच्या आधीच, सपाटीवर, चार्ज राखायचा मोड लावून ६०-७० टक्के शिल्लक ठेवायचा. चढाच्या पायथ्याशी आठवण होऊन उपयोग नाही. रेंजरमध्ये मोटर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये आहे, लो रेंजही (चढाला जास्त जोर देणारे मंद गिअर) शाबूत आहे. ओढायची मर्यादा ३५०० किलो. १.५ लिटरवाल्या शार्कची २५००, आणि लो रेंज नाही.

वजनाचाही घोळ बघा. ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या त्या शार्कची भारक्षमता ७९० किलो. दोन माणसं १६० आणि माल ३५०, झाले ५१०. ट्रॉलीच्या दांड्याचा भार ट्रॉलीच्या दहा टक्के, म्हणजे १५०. तोही गाडीच्याच खात्यात पडतो. ६६०. त्यावर मागच्या हौद्यावर शंभर किलोची कॅनोपी (बंद टप) बसवली की उरतात ३०! छताच्या रॅकवरचे पाइप मोजलेलेच नाहीत.

वायरमन२३०
सॉकेटबद्दल. मिक्सर-गीझर थोडा वेळ चालतात, गाडी तासन्‌तास सलग भार घेते. सॉकेटमधला स्क्रू जरा सैल असला तरी तिथेच तापतं आणि प्लास्टिक वितळतं. गाडीसाठी वेगळी लाइन ओढा: ४ चौरस मिमी तांब्याची तार, २० अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा ए प्रकारचा आरसीडी (करंट गळला की वीज तोडणारा). चार्जरवर मर्यादा १२-१३ अँपिअर ठेवा. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको, आणि पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघत जा.

साइटवरची वीज: दोन्ही गाड्या साडेसहा किलोवॅटच्या पुढे देतात, पण तो आकडा सगळ्या सॉकेटांचा मिळून. रेंजरमध्ये एका १५ अँपिअरच्या सॉकेटला साडेतीनच्याही खाली. ग्राइंडर, ड्रिल, पाइप-थ्रेडिंग मशीन चालेल. कॉम्प्रेसर मात्र सुरू होताना नेहमीच्या तीन ते पाच पट करंट मागतो, दीड किलोवॅटचासुद्धा ट्रिप करू शकतो. आणि एक जपा: बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं. बंद गोडाऊनमध्ये गाडी लावून वीज घेऊ नका, धुराने जीव जाईल.

पाइपवाला
ट्रॉलीच्या दिवशी चार्ज राखला तर पेट्रोल किती जाईल? आणि इंजिन कमी चाललं तर सर्व्हिसिंगही कमी ना?

घाटमाथा
दीड टन ओढताना १०० किमीला १५ लिटर धरून चाला, ट्रॉली उंच असेल तर जास्तच. आठवड्यातले बाकीचे दिवस ते भरून काढतात. ट्रॉली रोजची असती तर डिझेलच म्हटलं असतं. तुमच्या आठवड्याला दोन वेळा ओढणारी रेंजर बसते.

सर्व्हिसिंग किलोमीटरवर नाही, महिन्यांवर मोजा. इंजिन दोन-दोन मिनिटं चालून बंद होत राहिलं तर ऑइल पुरतं तापत नाही, त्यात पेट्रोल आणि पाणी साचतं. महिन्यातून एकदा अर्धा तास सलग पळवा. ऑइल वर्षाला बदलायचंच, मीटर काहीही दाखवो. मोटरच ब्रेकचं काम करते म्हणून डिस्कना गंज धरतो. आठवड्यातून तीन-चार वेळा मोकळ्या रस्त्यावर ब्रेकचं पेडल जोरात दाबा. टाकीत पेट्रोल अर्ध्यावर ठेवा, महिनोन्‌महिने पडून शिळं होऊ देऊ नका. काही गाड्यांत टाकी दाबाखाली असते. तिथे आधी बटण दाबून दाब उतरू द्यायचा, मग झाकण.