अनुभव धागा : राक्षसाचं नाव लावणारी गावं

यमाईचा डोंगर :
सातारा जिल्ह्यातल्या औंधात, यमाई देवीच्या मूळपीठाच्या पायऱ्यांवर एक पोरगं आज्जीला विचारत होतं, "राक्षस देवीनं मारला, मग गावाला नाव त्याचं कसं?" आज्जी म्हणाली, "मरताना मागून घेतलं त्यानं." तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. औंधासुराचं औंध, महाबळाचं महाबळेश्वर, शेजारी कोल्हासुराचं कोल्हापूर. मांढरदेवीनं मारलेल्या लाख्यासुराला मात्र गाव नाही मिळालं. तुमच्याकडचा राक्षस सांगा, आणि उत्सवात उभा कसा करतात तेही. करणी सांगा, कथा पाठ आहेत.

वाईकर :
करणी म्हणू नका हो, लोक लिंबू घेऊन येतील 😄

क्षेत्रवाला :
पाठ आहेत म्हणता, पण महाबळेश्वरला येणारे अर्धे लोक बाजारपेठेतूनच परत जातात. राक्षसांची देवळं तिथून सहा किलोमीटरवर, क्षेत्र महाबळेश्वरात. महाबळाचा भाऊ अतिबळ, त्याला विष्णूनं मारलं. महाबळाला इच्छामरण, म्हणून त्याचं मरण त्याच्याकडूनच मागावं लागलं. बदल्यात देवांनी इथं त्याच्या नावानं राहायचं. अतिबळेश्वराचं देऊळही शेजारीच आहे, ते चुकवू नका. महाबळेश्वराची पिंड गुळगुळीत नाही, रुद्राक्षासारखी खडबडीत आहे.

वायपर कराड :
हलत्या देखाव्यातला राक्षस म्हणजे जबडा. बाकी धड नुसतं उभं राहिलं तरी चालतं.
मोटर जुन्या गाडीच्या वायपरची, १२ व्होल्ट, भंगारात मिळते. पूर्ण व्होल्टला मिनिटाला चाळीसच्या वर फेरे, म्हणजे राक्षस शेंगदाणे खातोय असं दिसतं. स्पीड कंट्रोलर लावून निम्म्यावर आणा. दांडा ढकलणारी मोटरवरची भुजा ४ सेंमी ठेवली की मागेपुढे ८ सेंमी चाल मिळते. दांडा बिजागरीपासून २० सेंमीवर जोडला आणि जबडा ४० सेंमी लांब असेल तर टोक १६ सेंमी उघडतं, तेवढं भरपूर.
सायकलचा आरा दांडा म्हणून वापरू नका, वाकतो. ६ मिमीची सळई घ्या. जबड्याचं वजन मोटरवर टाकायचं नाही, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधा. मोटर जळते ती बहुतेक या वजनानंच. एसएमपीएस (घरच्या विजेचे १२ व्होल्ट करणारा डबा) १० अँपिअरचा, आणि टायमरवर दोन मिनिटं चालू, एक मिनिट बंद.

म्हसवडची ताई :
आणि फ्यूज! फ्यूज सगळे विसरतात.

वायपर कराड :
हो ताई, एसएमपीएसपेक्षा कमी अँपिअरचा, मोटरच्या वायरमध्ये. जबडा अडकला की मोटर करंट ओढत बसते, फ्यूज उडाला तर मोटर वाचते.

लगदा :
मुखवट्याचं माझ्याकडून. शाडूचा साचा, वर साबणाचं पाणी, मग कागदाच्या पट्ट्या सात-आठ थर. एक थर वर्तमानपत्राचा, एक खाकी कागदाचा, म्हणजे कुठं राहिलं ते रंगावरून कळतं. पट्ट्या फाडायच्या, कापायच्या नाहीत. कापलेली कड वर उठून दिसते. नाक, भुवया, सुळे लगद्याचे : कागद दोन-तीन दिवस भिजवून कुटायचा, त्यात मैद्याची खळ आणि मेथीची पूड. खळीत चिमूटभर मोरचूद, नाहीतर भाद्रपदाच्या दमट हवेत बुरशी येते आणि पुढच्या वर्षी कसर. मोरचूद विषारी असतं, ते भांडं परत स्वयंपाकात नको. वाळवायचं सावलीत. घाई करून उन्हात ठेवलं की वरचं कातडं आधी आवळतं आणि राक्षसाचं नाक वाकडं होतं.

वाईकर :
वाकडं नाक राक्षसाला शोभतंच की.

म्हसवडची ताई :
मेथीची पूड किती? आत्ता लाडवांसाठी दळायचीच आहे.

लगदा :
किलोभर सुक्या कागदाला मूठभर. लाडवाचं मला विचारू नका ताई 😀

पंचगंगा घाट :
कोल्हापूरचं मी सांगते, जिल्हा वेगळा असला तरी. तिथं राक्षस लगद्याचा नसतो, कोहळ्याचा असतो. नवरात्रात ललिता पंचमीला त्र्यंबोली देवीच्या टेकडीवर कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात, तोच कोल्हासुर. मग तुकड्यांसाठी झुंबड. घरी बांधायला कोहळा घेत असाल तर देठासकट, पांढरी भुकटी धरलेला घ्या. देठ तुटला की तिथूनच कुजायला लागतो.

तारळीकाठ :
पालीच्या खंडोबाचं कुणी काढलंच नाही? त्यानं मारलेले राक्षस मणी-मल्ल. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगा, पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न, सगळं पिवळं. जेजुरीला तर मणीची पूजाही होते. भंडारा हळदीचाच आहे का हे ओळखायचं असेल तर पांढऱ्या कापडाला लावून साबण चोळा. हळद लाल होते, आणि तो डाग पुढं उन्हात उडतो. लाल झालाच नाही तर हळद नाही, नुसता रंग. डोळ्यात गेला तर चोळू नका, पाण्याचे हबके मारा. उधळताना खोबरं बारीक फोडा राव, अख्ख्या वाट्या लागतात डोक्याला.

मिरजेचा तंबोरा :
लगदा, मुखवट्याला तंबोऱ्याचा भोपळा नाही का चालणार? मंगळवेढ्याकडून येतो, मोठा असतो.

लगदा :
अण्णा, आकार मिळेल, पण दाताला भोक पाडताना तडा जातो. आणि तंबोरा सोडून राक्षस करायला तो भोपळा देणार कोण?

मिरजेचा तंबोरा :
तडा गेलेला देतील. विचारून बघतो.

म्हसवडची ताई :
लाडू कडू झालेत. मेथी तुपात किती दिवस भिजवायची, कुणी सांगेल का?