'फोर्स्ड बसिंग'ला मराठीत काय म्हणाल?

अनुवादिनी: अमेरिकी शाळांतल्या वर्णभेदावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. १९६३ साली अलाबामाचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस शपथविधीच्या भाषणात 'सेग्रेगेशन (काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणं) आज, उद्या, कायमचं' असं उघड बोलला. ते सोपं गेलं. अडलंय सत्तरच्या दशकात. कोर्टाच्या हुकमानं काळ्या-गोऱ्या मुलांना एकमेकांच्या वस्तीतल्या शाळांत बसनं न्यायला लागल्यावर पुढारी 'सेग्रेगेशन' गिळून 'फोर्स्ड बसिंग'विरुद्ध बोलू लागले. मी 'सक्तीची बसवाहतूक' लिहिलं. संपादक म्हणाले, ही तर परिवहन खात्याची नोटीस वाटते.

माणदेशी: आमच्याकडं सकाळची यष्टी चुकली की शाळा बुडली. सक्तीची बस मिळाली असती तर रोज तिच्यापुढं नारळ फोडला असता.

कोशकीटक: 'बळजबरीची बस' करा. मूळ शब्दातच कांगावा आहे, तो यायला हवा. अमेरिकेतल्या टोपेका शहरातल्या काळ्या लिंडा ब्राउनला घराजवळची गोऱ्यांची शाळा सोडून लांबच्या शाळेत बसनंच जावं लागे. शाळांतलं सेग्रेगेशन बेकायदा ठरवणारा १९५४ चा निकाल तिच्याच खटल्यातला. तेव्हा ती बळजबरी कुणाला टोचली नव्हती. १९७४ साली बोस्टनमध्ये मात्र काळ्या मुलांच्या बसवर दगड पडले.

खडूफळा: 'जबरी' अरबीतून आलीय. शुद्ध मराठी काही सुचवा.

कोशकीटक: 'शाळा' संस्कृतातून आलीय, 'बस' इंग्रजीतून. काय काय हाकलणार?

अनुवादिनी: बळजबरी आवडली. पण पुढे 'कलरब्लाइंड' आहे. १८९६ मध्ये अमेरिकी सुप्रीम कोर्टानं सेग्रेगेशन चालेल म्हटलं, तेव्हा न्यायमूर्ती हार्लननी एकट्यानं विरोधी मत देताना लिहिलं, आमची राज्यघटना कलरब्लाइंड आहे. तेव्हा तो शब्द काळ्यांच्या बाजूनं लढत होता. २०२३ मध्ये हार्वर्डच्या प्रवेशात वंशाचा विचार नको म्हणणाऱ्यांच्या तोंडी तोच. 'रंगांध' लिहू?

खडूफळा: रंगांधळेपणा हा डोळ्यांचा दोष. 'वर्णनिरपेक्ष' लिहा.

माणदेशी: 'वर्ण' म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं चार वर्ण उभे राहतात. त्यापेक्षा 'वंशनिरपेक्ष'.

खडूफळा: मग 'वर्णभेद' कसा चालतो?

कोशकीटक: मंडेलांच्या बातम्यांपासून रुळलाय म्हणून. तसं तर उद्या 'यष्टी'ही कोशात घालाल.

माणदेशी: आहेच की! यष्टी म्हणजे काठी. यष्टिरक्षक कुठनं आला मग?

खडूफळा: तो ऱ्हस्व इकाराचा. तुमची दीर्घ.

माणदेशी: समासात ऱ्हस्व हो. सुटी यष्टी दीर्घच.

अनुवादिनी: लेख उद्या सकाळी द्यायचाय. 'कलरब्लाइंड'चं काय करू?

खडूफळा: आधी ऱ्हस्व-दीर्घाचं मिटू द्या.