अ‍ॅस्ट्राप्टिस फुलगरेटर: एक स्पिशीज की दहा?

पंखवेडा: निळ्या चमकवाल्या त्या स्किपर फुलपाखराबद्दल वाचतोय, एका ठिकाणी नाव अ‍ॅस्ट्राप्टिस फुलगरेटर, दुसरीकडे टेलेगोनस फुलगरेटर, आणि तिसरीकडे म्हणे ही एक स्पिशीज (प्रजाती) नाहीच, दहा आहेत. रेंज, म्हणजे सापडायचा प्रदेश, मात्र सगळीकडे तीच, टेक्सासच्या दक्षिण टोकापासून अर्जेंटिनापर्यंत. नक्की धरायचं काय?

सुरवंट_शोधक: नावाचं सोपं आहे. हेस्पेरिडी कुळ, युडामिनी उपकुळ, यात वाद नाही. अ‍ॅस्ट्राप्टिस हे जुनं जीनस (जवळच्या प्रजातींचा गट), नंतर जीनोम म्हणजे सगळा डीएनए बघून त्यातली बरीच मंडळी टेलेगोनसमध्ये हलवली, म्हणून दोन्ही नावं दिसतात, फुलपाखरू तेच.

दहाची भानगड कोस्टा रिकाच्या ग्वानाकास्तेमधली. जॅन्झन, हॉलवॉक्स या संशोधकांनी आणि मंडळींनी तिथे वर्षानुवर्षं सुरवंट आणून वाढवले, कुठला कुठल्या झाडावर मिळाला आणि त्यातून काय निघालं ते लिहून ठेवलं, मग डीएनए बारकोड केला (ओळखीसाठी डीएनएचा ठरलेला छोटा तुकडा वाचला) आणि 2004 मध्ये पेपर आला की इथे किमान दहा स्पिशीज आहेत. सुरवंट बहुतेक वेगळे, खाणं बहुतेक वेगळं, पण मोठी झालेली फुलपाखरं इतकी सारखी की जननेंद्रियांतसुद्धा फरक नाही, आणि स्किपरवाले एरवी सगळा भरवसा तिथेच ठेवतात! त्यांची कामचलाऊ नावंही मस्त आहेत, इंगा आणि क्युपानिया ही झाडं खाणारा तो 'इंगकप'.

निळी_झाक: थांबा, दहा आकडा सगळ्यांना पटलेला नाही. ब्रॉवर या संशोधकाने 2006 मध्ये तोच डेटा परत तपासला आणि म्हणाला किमान तीन, जास्तीत जास्त सात. बारकोड म्हणजे मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या भागाच्या एका जीनचा तुकडा, तेवढ्यावर स्पिशीज पाडायच्या का, हे खरं भांडण. मला स्वतःला झाडांचा पुरावा बारकोडपेक्षा भारी वाटतो.

पंखवेडा: म्हणजे टेक्सास ते अर्जेंटिना ही रेंज नक्की कुणाची?

सुरवंट_शोधक: नावाची :) 1775 मध्ये वर्णन झालं तेव्हापासून काळपट पंख, पांढरे पट्टे आणि बुडाशी निळी झाक दिसली की सगळ्यांना हेच लेबल लागत आलं. शिवाय ते दहा फक्त ग्वानाकास्तेमधले, आणि बरेचसे तिथे एकाच भागात एकत्र उडतात, म्हणजे कुठे दिसलं यावरूनही वेगळे ओळखता येत नाहीत. फोटोवरून आयडी करणार असशील तर फुलगरेटर कॉम्प्लेक्स (सारख्या दिसणाऱ्या प्रजातींचा गट) लिही, आणि सुरवंट सापडला तर आधी झाडाचा फोटो काढ.